माहीत असलेला बिघाड

पद्मा मोने कुपवाडला आमच्या शेजारच्या गाळ्यात आली ती पहिल्याच दिवशी माझ्याशी भांडली. माझं लेथचं वर्कशॉप. दिवसभर बिडाच्या लोखंडाची धूळ उडायची आणि दोन गाळ्यांमधली भिंत वरून उघडी होती. ती माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊसो, तुमची धूळ माझ्या मशीनमध्ये येते. वर पत्रा तुम्ही ठोकता की मी ठोकू?"

पत्रा मीच ठोकला. नव्वदच्या दशकातली पहिली वर्षं होती ती. एमआयडीसीत एका बाईने एकटीने गाळा भाड्याने घेऊन कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकायचं म्हणजे लोकांना नवल वाटायचं. कामावर जाणारे लुना थांबवून आत डोकावायचे. ती मान वर करत नसे. वाईची मुलगी, सांगलीत इंजिनिअर झालेली, हाताची हुशार. पण तोंडावर सदा काहीतरी आवळून धरल्यासारखं. मला वाटायचं, स्वभावच असेल. पुढे चहाच्या निमित्ताने बोलणं वाढलं आणि कळलं की ही बाई एका माणसावर दात धरून बसली आहे.

त्या माणसाचं नाव धवल फडतरे. तिच्याच वर्गातला. साताऱ्यात त्याची कॉम्प्युटर पुरवण्याची एजन्सी होती. पद्मा त्या वेळी सांगलीकडच्या एका सहकारी दूध संघात कॉम्प्युटर विभागाची प्रमुख होती. संघाने पहिल्यांदाच सर्व्हर घेतला, तो धवलकडून. आता सर्व्हर म्हणजे काय हे मलाही पद्मानेच शिकवलं. मधे एक मोठं मशीन, आणि बाकीची टर्मिनलं केबलने त्याला जोडलेली. मोठ्या मशीनच्या पोटात एक नेटवर्क कार्ड असतं. सगळ्या टर्मिनलांचं म्हणणं ते कार्ड ऐकून घेतं आणि आत पोचवतं. त्या कार्डावरच्या चिपमध्ये कंपनीने एक छोटा प्रोग्रॅम भरून दिलेला असतो, तो फर्मवेअर. "तुमच्या लेथचा गिअरबॉक्स कसा बंद होऊन येतो," ती म्हणाली, "तसंच. आत काय आहे ते बनवणाऱ्याला ठाऊक. आपण नुसता विश्वास ठेवायचा."

संघाच्या प्रयोगशाळेत गावोगावच्या दुधाची फॅट तपासायची आणि मुली ती वेगवेगळ्या टर्मिनलवरून चढवायच्या. एका दिवाळीच्या तोंडावर भलतंच झालं. कमी फॅट लागलेल्या, म्हणजे दुधात पाणी घालणाऱ्या संस्थांची नावं संघाने फलकावर लावली, आणि त्यात जतच्या पलीकडची, कर्नाटकाच्या शिवेवरची एक संस्था आली. तिची चेअरमन दगडाबाई. मेंढरं राखणाऱ्या घरातली बाई. गावातल्या बायका गोळा करून मेंढरांच्या जागी म्हशी आणल्या, संस्था उभी केली. तिच्या दुधाला कधी कोणी बोट लावलं नव्हतं.

दगडाबाई एसटीने आली ती दुधाची किटली घेऊनच. थेट पद्माच्या टेबलापाशी गेली.

"आमच्या दुधात पाणी हाय म्हंतीस?"

"मावशी, मशीनवर जे आलंय ते..."

"तुझ्या मशीनला म्हस ठावं हाय का? घे, बघ पाणी!" आणि तिने अख्खी किटली टेबलावर पालथी केली. कागद, कीबोर्ड, पद्माची साडी, सगळं दुधाने भिजलं. सगळं ऑफिस बघत उभं.

पद्मा रागावली नाही. बाई खरं बोलते आहे हे तिला चेहऱ्यावरूनच समजलं. तिने प्रयोगशाळेतल्या नमुन्यांशी आकडे पडताळले, तर दगडाबाईच्या म्हशीच्या दुधाची फॅट भलत्याच गावाच्या नावावर पडलेली आणि त्या गावच्या गाईच्या दुधाची दगडाबाईच्या नावावर. अशा आणखी गावांच्या अदलाबदली निघाल्या. मशीनने एकदाही चूक दाखवली नव्हती. तिने स्वतः संघाचे चेअरमन आप्पासो यांना जाऊन सांगितलं, की सर्व्हरमध्ये काहीतरी बिघाड आहे, धवलला बोलवा.

धवल आला. इस्त्रीचा शर्ट, हातात ब्रीफकेस. चौकशी संचालक मंडळासमोर झाली. त्याने कार्ड काढून पाहिलं, बसवलं, हात पुसले आणि म्हणाला, "आप्पासो, मशीन चूक करत नाही. चूक माणूस करतो." मग जरा थांबून, "चूक म्हणा, नाहीतर कुणाच्या सांगण्यावरून म्हणा. ते मी कसं सांगणार?"

एवढ्या एका वाक्याने पद्माचं काम तमाम झालं. कुठल्या गावच्या पुढाऱ्याने तिला फितवलं यावर लोक पैजा लावायला लागले. वार्षिक सभेत तिचं नाव घेऊन तिला काढल्याचं जाहीर झालं. पेपरात चौकट आली. आणि ती वाईला घरी गेली तेव्हा तिचे वडील अनंतराव, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, जेवताना हात थांबवून म्हणाले, "पद्मा, तू केलं नाहीस ना असं काही?"

हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा बदलला. "नोकरी गेली त्याचं काही नाही, भाऊसो. पण माझ्या बापाला मला हा प्रश्न विचारावा लागला. तो धवलने विचारायला लावला."

धवलचं काही वेडंवाकडं झालं का हे ती सारखी बघत असायची. साताऱ्याहून कोणी आलं की आधी त्याची चौकशी. त्याने नवी गाडी घेतली हे कळलं त्या दिवशी तिने एक सोल्डरिंग गन भिंतीवर फेकून मारली. मी म्हटलं, "सोडून द्या आता." ती म्हणाली, "का?"

पुढे आमच्याच वसाहतीतल्या एका फाउंड्रीने, लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याने, तिला बोलावलं. त्यांच्याकडे एका गिऱ्हाइकाच्या ऑर्डरीवर दुसऱ्याच्या कास्टिंगचं वजन पडत होतं. मालक कारकुनाला शिव्या घालत होता. पद्माने मशीन उघडलं. तेच कार्ड. पुरवलेलंही धवलनेच.

त्या दिवशी ती परत आली ती गाळ्याचं शटर अर्धं ओढून बसली. फाउंड्रीवाल्याकडून तिने रविवारची परवानगी घेतली. दर रविवारी ती तिथे जायची, सगळी टर्मिनलं चालू करायची, आमच्या वर्कशॉपची माणसं एकेका टर्मिनलवर बसवायची आणि एकदमच आकडे चढवायला लावायची. मीही बसलो आहे. हळूहळू तिने बिघाड हातात पकडला. सर्व्हर पुष्कळ दिवस बंद न करता चालू राहिला, की त्या कार्डाची इवलीशी मेमरी भरून जायची. मग फर्मवेअर गोंधळायचं आणि एकाकडून आलेल्या नोंदीचा तुकडा दुसऱ्याच्या नोंदीला चिकटवून पाठवायचं. सर्व्हर पूर्ण बंद करून परत चालू केला, की पुन्हा काही दिवस बरं. आणि संघात धवलने स्वतः बजावलं होतं, की सर्व्हर कधी बंद करायचा नाही!

तिला आणखी एक गोष्ट सापडली. सर्व्हर ताजा चालू केलेला असला, तरी सगळ्या टर्मिनलांवरून एकाच वेळी लांबलचक नोंदी दामटत राहिलं तर कार्ड थोड्या वेळातच गोंधळतं. "हे बहुतेक कंपनीलाही माहीत नसेल," ती म्हणाली. त्या दिवशी ती हसली. मला ते हसू काही बरं वाटलं नाही.

मग तिने फाउंड्रीच्या फोनवरून कंपनीच्या बंगलोरच्या ऑफिसला फोन लावला. मी शेजारीच होतो. पलीकडचा माणूस हिंदीत अगदी सहज बोलत होता. हो हो, त्या कार्डाच्या फर्मवेअरमध्ये तो बिघाड आहेच. आम्ही केव्हाच सगळ्या डीलरना कळवलंय. नवी चिप मिळेपर्यंत आठवड्यातून एकदा सर्व्हर बंद करायला गिऱ्हाइकांना सांगा, असंही कळवलंय. तुमच्या भागातला डीलर? त्याने तर उरलेला सगळा जुना माल स्वस्तात उचलला.

"केव्हा कळवलं होतं?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं. ती तारीख संघातल्या चौकशीच्या आधीची होती.

तिने फोन ठेवला. म्हणजे त्या दिवशी संचालक मंडळासमोर कार्ड काढून बघायचं त्याने नाटक केलं होतं. त्याला सगळं ठाऊक होतं. एक वाक्य बोलला असता तर ती वाचली असती. पण संघ पुढे आणखी मोठी खरेदी करणार होता, आणि आपला माल सदोष आहे हे त्याला कबूल करायचं नव्हतं.

मी म्हटलं, "आता आप्पासोंना जाऊन सांगा. त्यांनाच फोन लावायला सांगा."

"मग धवल म्हणेल, मला कळवलंच नाही. टपाल हरवलं म्हणेल. आप्पासो मान डोलावतील आणि मिटवून टाकतील." ती माझ्याकडे वळली. "मला न्याय नकोय, भाऊसो. मला त्याचा चेहरा बघायचाय. सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी ती एसटीने जतकडे गेली. दगडाबाईच्या दारात उभी राहिली तेव्हा दगडाबाई म्हशीला आंबोण घालत होती. पद्माने सगळं सांगितलं. दगडाबाईने हात धुतले, पदराला पुसले.

"म्हंजी त्येला ठावं हुतं?"

"होय, मावशी."

"आन् आमचं नाव फळ्यावर लागलं तवा त्यो गप ऱ्हायला?"

"गप राहिला."

दगडाबाईने आंबोणाची पाटी पायाने बाजूला सारली. मग म्हणाली, "तुझ्या अंगावर दूद वतलं मी. त्येच्या अंगावर वताय पायजे हुतं. सांग, काय करायचं त्येचं?"

संघाची नवी इमारत झाली होती आणि तिथे धवलचाच नवा, मोठा सर्व्हर बसला होता. आत कार्ड मात्र त्याच स्वस्तात उचललेल्या मालातलं असणार, हे पद्माने ओळखलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी गावोगावच्या संस्थांच्या चेअरमनना प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. दगडाबाईला आमंत्रण होतंच. पद्माला कोण बोलावणार? दगडाबाई म्हणाली, "माझ्यासंगं चल. माझी सून म्हून सांगीन. मला कोण इचारतंय बघू."

मी पद्माला माझ्या स्कूटरवर घेऊन गेलो आणि मागच्या रांगेत उभा राहिलो. समोर सर्व्हर, त्याला हार घातलेला. ओळीने टर्मिनलं, त्यांच्यावर मुली बसलेल्या. पद्माच्या जागेवर आलेली मुलगी स्वानंदी, पहिल्या टर्मिनलवर. आप्पासो भाषण करून बसले. धवल उठला आणि बोलायला लागला. आता चुकीला जागाच नाही, मागे जे झालं तो मनुष्यदोष होता, वगैरे. पद्मा पदर डोक्यावर ओढून दगडाबाईच्या मागे उभी होती.

दगडाबाई उठली. "आवं आप्पासो, आमाला काय ते यंत्र कळत न्हाई. आमी आमचे आकडे सांगतो. समद्या पोरींनी एकदम चढवायचे. गावाचं नाव, गवळ्याचं नाव, म्हशीचं नाव, समदं. मग कागद काढून आमाला वाचून दावा. आमचं आमाला वळखतंय का बघू."

सभा हसली. आप्पासोही हसले. "घ्या, घ्या. दाखवा की, धवलराव."

धवलला नाही म्हणता येईना. आणि त्याला भीतीही नव्हती. सकाळीच त्याने सर्व्हर बंद करून चालू केला असणार, एवढा उपाय त्याला माहीत होता. चेअरमन मंडळी एकेका टर्मिनलमागे उभी राहिली आणि आपापले आकडे सांगायला लागली. मुलींची बोटं धावायला लागली. दगडाबाई थांबू देईना. "आजून हाय, आजून लिव." बाकीच्यांनाही चेव आला. गमतीगमतीत लोक अख्ख्या गोठ्याची नावं सांगायला लागले.

कागद छापून बाहेर आला. आप्पासोंनी स्वतः वाचायला घेतला. दगडाबाईच्या गावावर आले आणि थांबले. "हे काय? ही म्हैस तासगावच्या संस्थेत कशी गेली?"

तासगावचा चेअरमन ओरडला, "आन् माझी गाय कुठं हाय?"

हशा पिकला, पण पुढचं वाचताना तो विरला. अदलाबदल सगळीकडे होती. धवलच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. मग तो स्वानंदीकडे वळला आणि म्हणाला, "या मॅडमनी घाईत चुकीच्या कोडवर टाकलंय. ट्रेनिंग कमी पडलं. मशीन चूक करत नाही."

स्वानंदीचा चेहरा पांढरा पडला. "मी नाही, सर..." एवढंच ती म्हणाली.

पद्माने पदर मागे टाकला आणि पुढे आली. बऱ्याच जणांनी तिला ओळखलं. कुजबूज झाली. आप्पासो उठायला लागले, तशी दगडाबाई म्हणाली, "बसा, आवं. ऐका तर."

"स्वानंदी, ऊठ," पद्मा म्हणाली. "धवल, तू बस इथे. बाकीच्या मशीनवर तुझी माणसं बसव. तुझ्या हाताने चढव. मग तर चूक होणार नाही ना?"

सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. तो बसला. काय करणार? त्याचे चार-पाच मेकॅनिक बाकीच्या टर्मिनलांवर बसले. पुन्हा आकडे. पद्मा त्याच्या खुर्चीच्या मागे उभी राहून स्वतः त्याला एकेक नोंद सांगत होती, सावकाश, न थांबता. त्याच्या कानामागून घाम उतरताना मी पाहिला.

पुन्हा कागद निघाला. आप्पासोंनी वाचला. आधीपेक्षा वाईट.

कोणी हसलं नाही. धवल ताडकन उठला. "एक मिनिट, एक मिनिट, आप्पासो. काही घाबरायचं कारण नाही. सर्व्हर बंद करून चालू केला की ठीक होतं. हे नेहमीचंच आहे या कार्डाचं."

तोंडातून निघून गेलं आणि मग त्याच्या लक्षात आलं.

"नेहमीचं?" पद्मा म्हणाली. अगदी हळू. "कधीपासून नेहमीचं, धवल?"

त्याने सर्व्हरच्या बटणाकडे हात नेला.

"मला काढलं तेव्हाही नेहमीचंच होतं?"

त्याने आप्पासोंकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. आणि पद्मा त्याच्याकडे बघत राहिली. तिला जो चेहरा बघायचा होता तो तिने मनसोक्त बघितला. दगडाबाई तर आणखी पुढे गेली. तिथे पाहुण्यांसाठी मसाला दूध ठेवलं होतं. तिने एक पेला उचलला आणि इस्त्रीच्या शर्टावर ओतला. "पाणी हाय का बघ त्येच्यात," म्हणाली. कोणी तिला अडवलं नाही.

संघाने धवलचा सगळा माल परत केला. कंपनीने एजन्सी काढून घेतली. आप्पासो स्वतः कुपवाडला आले, पद्माला परत बोलवायला. तिने त्यांना माझ्याच वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसवलं, चहा दिला आणि नाही म्हटलं. मागितलं ते एवढंच, की जिथे तिला काढल्याचं जाहीर झालं त्या वार्षिक सभेत ती निर्दोष असल्याचं जाहीर व्हावं आणि दगडाबाईच्या संस्थेचं नाव फलकावर लावून माफी मागितली जावी. आप्पासोंनी सभेत दोन ओळी भरभर वाचल्या. पद्मा मागून उठून म्हणाली, "ऐकू आलं नाही." त्यांना पुन्हा वाचावं लागलं.

वाईला ती गेली तेव्हा अनंतराव बातमी आधीच वाचून बसले होते. त्यांनी तिचा हात धरला. तिने धरू दिला, पण मला म्हणाली, "त्यांना माझी शरम वाटली होती, आता स्वतःची वाटते. दोन्ही वेळा कारण धवलच."

मला वाटलं, इथे संपलं. पण पद्माने संपवलं नाही. धवलकडे एजन्सी नव्हती, तरी जुनी गिऱ्हाइकं होती. बिघडलं की त्यालाच बोलवायची, त्यावर त्याचं चाललं होतं. पद्मा एकेकाकडे जायला लागली. शिरवळच्या कारखान्यात, साताऱ्यातल्या पतसंस्थेत, कराडला. स्वतःच्या खर्चाने. जाऊन सांगायची, की तुमच्या सर्व्हरमध्ये अमुक कार्ड आहे, त्यात हा बिघाड आहे, असा टाळायचा, नवी चिप मी कंपनीकडून मागवून देते. मजुरी घेत नसे. लोक म्हणायचे, बाई देवमाणूस आहे. मला तिचा हेतू माहीत होता. कुणालाही पुन्हा धवलची गरज पडू नये, एवढंच तिला पाहिजे होतं. ती गेली, की तिथे त्याचा फोन वाजणं बंद व्हायचं. स्वानंदीने संघ सोडला आणि तीही हिच्याबरोबर फिरायला लागली.

शेवटी धवल स्वतः कुपवाडला आला. पायी. गाडी विकली होती म्हणे. माझ्या दारावरून जाताना त्याने मान खाली घातली. पत्र्याच्या फटीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"पद्मा, पुरे आता. चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"मी बोलायला हवं होतं तेव्हा."

"हं."

"दोन मुलं आहेत मला. सातारा सोडायची वेळ आलीय. तू आता थांब. काय राहिलंय आणखी?"

मग तिचा आवाज आला, कामाच्या माणसाचा असतो तसा, कोरडा. "पाटणचे दोघे राहिलेत. उद्या जाणार आहे."

तो गेला. तो पुढे पुण्याला कुठेतरी नोकरीला लागला असं कानावर आलं. मी पद्माला विचारलं, "जरा जास्त नाही झालं?" तिने टेबलावरच्या पुडीतून नव्या चिपा काढल्या, एकेक उजेडात धरून धातूचे बारीक पाय सरळ आहेत का बघितले आणि म्हणाली, "झालं असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती पाटणला गेली.